जिओकॅशिंगमधला कागद सुटायला मला चार वर्षं लागली

नोव्हेंबर २००६. रेडमंडच्या वॉटरशेड प्रिझर्व्हमध्ये एका आडव्या पडलेल्या सीडरच्या ओंडक्याशेजारी मी उभा, हातात घरच्या इंकजेटवर काढलेली तीन पानं, आणि सिएटलकडचा तो न थांबणारा बारीक पाऊस. हिंटच्या ओळीच्या जागी नुसता जांभळा डाग राहिला होता. प्लास्टिकचं फोल्डर होतं बरोबर, पण पान वाचायला बाहेर काढावंच लागतं ना, आणि काढलं की भिजतं. बायको छत्री धरून उभी होती, ती म्हणाली अरे एवढी कॉम्प्युटरवर कामं करता तुम्ही लोकं, मग हे कागद घेऊन का फिरायचं. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो डबा त्या दिवशी सापडला नाही आणि रात्री घरी आल्यावर मी पहिल्यांदा "पेपरलेस" हा शब्द सर्च केला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जिओकॅशिंग म्हणजे कोणीतरी डबा लपवतं, त्याचे अक्षांश-रेखांश वेबसाईटवर टाकतं आणि बाकीचे जीपीएस घेऊन तो शोधायला जातात. डब्याला कॅश म्हणतात. आत एक वही असते, लॉगबुक, त्यात सही करायची, डबा होता तसा परत ठेवायचा आणि घरी येऊन साईटवर लिहायचं की सापडला. २ मे २००० ला अमेरिकन सरकारने जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक बंद केली, त्याआधी साध्या माणसाच्या जीपीएसला शंभरेक मीटरचा फरक सहज पडायचा, आणि दुसऱ्याच दिवशी, ३ मे ला, डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने ऑरेगनमध्ये बीव्हरक्रीकजवळ एक प्लास्टिकची बादली ठेवून आकडे इंटरनेटवर टाकले. तिथून हे सगळं सुरू. आमच्या घरापासून ती जागा साडेतीनेक तासांच्या ड्राईव्हवर आहे आणि जिओकॅशिंगची मुख्य वेबसाईट चालवणारी कंपनीही सिएटलमधलीच, त्यामुळे आमच्याकडे कॅशेसची इतकी गर्दी की कुठल्याही पार्कात जा, दोन-चार असतातच.

आणि हीच गर्दी कागदाला झेपत नव्हती. माझं रूटीन असं होतं की शुक्रवारी रात्री बसायचं, शनिवारी कुठे जायचं ते ठरवायचं, त्या भागातल्या आठ-दहा कॅशेसची पानं उघडायची, एकेकाचे दोन ते चार कागद निघायचे कारण वर्णन, नकाशा आणि मागच्या लोकांनी लिहिलेले लॉग, सगळं छापलं जायचं. मग पिवळ्या ईट्रेक्समध्ये, म्हणजे माझ्या हातातल्या जीपीएस यंत्रात, अक्षांश-रेखांश बटणं दाबदाबून हाताने टाकायचे. त्यात एक आकडा चुकला तर संपलंच, एकदा मी मिनिटांमध्ये ३ च्या जागी ८ टाकला आणि आम्ही सरळ एका हायस्कूलच्या पार्किंगमध्ये पोचलो. हिंट साईटवर उलट्या अक्षरांत असते, ए च्या जागी एन, बी च्या जागी ओ, म्हणजे तेरा घरं पुढे, ज्याला नको त्याची नजर पडू नये म्हणून, आणि छापलेल्या पानावर बाजूला त्याची किल्ली असते, ती बघत पेन्सिलने एकेक अक्षर सोडवायचं, ओल्या कागदावर, थंडीने बोटं वाकत नसताना. मुलीला मात्र ते फार आवडायचं, ती तेव्हा सात वर्षांची होती आणि हिंट सोडवायचं खातं तिचं होतं.

पण त्रास फक्त कागद भिजण्याचा नव्हता. कागद घेऊन गेलं की जेवढ्या कॅशेस छापल्या तेवढ्याच आपल्या, ट्रेल बंद असला, चिखल असला, मुलगी दमली आणि गाडी दुसरीकडे वळवावी लागली तर तिथे आजूबाजूला काय आहे याचा पत्ताच नाही. काखेत कळसा म्हणतात ना तसं, घरी येऊन बघावं तर आपण जिथे सँडविच खाल्लं त्या बाकापासून दोनशे फुटांवर एक डबा होता.

पुढच्या वर्षी गणपतीच्या कार्यक्रमात एक मित्र भेटला, नाशिकचा, तो माझ्याआधी दोन वर्षं कॅशिंग करत होता. प्रसादाच्या रांगेत त्याने खिशातून एक जुना पाम, म्हणजे तळहातावर मावणारा छोटा कॉम्प्युटर, काढून दाखवला. त्यात एक प्रोग्रॅम, कॅशमेट, आणि त्यात आमच्या सगळ्या भागातल्या कॅशेस, वर्णनासकट, लॉगसकट, हिंट बटण दाबलं की सरळ इंग्रजीत. मी म्हटलं किती आहेत यात, तो म्हणाला दीड हजार असतील. रांगेत मागचे लोक पुढे सरका म्हणेपर्यंत मी ते बघत उभा.

त्या रविवारी तो घरी आला आणि संध्याकाळपर्यंत बसून सगळं लावून दिलं, त्याचे उपकार आहेत माझ्यावर. आधी वेबसाईटची प्रीमियम मेंबरशिप घ्यायची, कारण त्याशिवाय पॉकेट क्वेरी मिळत नाही. पॉकेट क्वेरी म्हणजे आपण सांगायचं की माझ्या घरापासून इतक्या मैलांतल्या, मला न सापडलेल्या, चालू असलेल्या कॅशेस दे, आणि साईट तेव्हा एक झिप फाईल ईमेलने पाठवायची. झिपमध्ये दोन जीपीएक्स (जीपीएसचे बिंदू ठेवायचा फॉरमॅट) फायली, एकात कॅशेस आणि दुसरीत त्यांच्या जोडीचे बिंदू, पार्किंग कुठे, ट्रेल कुठून सुरू होतो, मल्टीचे, म्हणजे टप्प्याटप्प्याने शोधायच्या कॅशचे, टप्पे कुठे. पहिले काही आठवडे मी ती दुसरी फाईल बिनकामाची समजून टाकून देत होतो आणि मग ट्रेलहेड शोधत फिरत होतो, तेव्हा नवीन कोणी असेल तर दोन्ही फायली लोड करा.

एका क्वेरीत तेव्हा जास्तीत जास्त ५०० कॅशेस यायच्या (नंतर ही मर्यादा १००० झाली). आमच्याकडे ५०० म्हणजे काहीच नाही, घराभोवतीच संपायच्या. यावर मित्राने जी युक्ती दाखवली ती मला अजूनही सगळ्यात हुशारीची वाटते. अंतराने तोडायचं नाही, कॅश कधी ठेवली त्या तारखेने तोडायचं. पहिली क्वेरी २००० पासून २००३ च्या अमुक महिन्यापर्यंत, दुसरी तिथून पुढे, तिसरी त्याच्याही पुढे. जुन्या तारखांत नवीन कॅश कधी भरत नाही, त्यामुळे ते तुकडे फुगत नाहीत, वाढतो तो फक्त शेवटचा, आणि एकच कॅश दोन फायलींत येत नाही. अंतराची वर्तुळं केली की एकमेकांवर चढतात आणि अर्ध्या जागा वाया.

मग या सगळ्या फायली एकत्र करायला जीसॅक. पूर्ण नाव जिओकॅशिंग स्विस आर्मी नाईफ, क्लाइड इंग्लंड या माणसाने लिहिलेलं विंडोजवरचं सॉफ्टवेअर. दिसायला एक भलामोठा तक्ता, एका ओळीत एक कॅश, पण त्याच्या पोटात काय काय आहे ते कळायला मला वर्ष गेलं. फिल्टर, मॅक्रो (एकदा लिहून ठेवल्या की आपोआप चालणाऱ्या आज्ञा), हव्या त्या यंत्राला हव्या त्या फॉरमॅटमध्ये एक्स्पोर्ट. कोडं सोडवून मिस्टरी कॅशचे खरे आकडे मिळाले की ते करेक्टेड कोऑर्डिनेट म्हणून भरायचे, पुढच्या आठवड्याची नवी फाईल लोड केली तरी ते पुसले जात नाहीत. रोज रात्री डोकं खाजवून सोडवलेली कोडी जपून राहतात ही किती मोठी गोष्ट आहे ते कोडी सोडवणाऱ्यालाच कळेल.

तर आता दोन यंत्रं झाली. जीपीएसमध्ये फक्त बिंदू, वाचायचं सगळं पामवर. तोपर्यंत मी गार्मिनचा ६०सीएसएक्स घेतला होता, कारण पिवळा ईट्रेक्स दाट झाडीत गांगरायचा, आपण उभे असलो तरी बाण चारी दिशांना फिरायचा, आमच्याकडे म्हणतात ना चकवा लागला, तसं. ६०सीएसएक्स झाडीतही पकडून ठेवायचा. त्यात १००० बिंदू मावायचे आणि प्रत्येकाला एक छोटीशी कॉमेंटची जागा, ३० अक्षरांची. जीसॅकमधून पाठवताना त्या ३० अक्षरांत काय कोंबायचं ते आपण ठरवू शकतो. मी डिफिकल्टी (शोधायला किती अवघड), टेरेन (वाट किती अवघड), डब्याचा साईझ आणि उरलेल्या जागेत हिंटची सुरुवात असं ठेवलं. मित्र म्हणाला कशाला, पाम आहे ना. मी म्हटलं असू दे.

सप्टेंबर २००८ मध्ये स्नोक्वाल्मीच्या बोगद्याला गेलो. १९१२ ते १९१४ मध्ये रेल्वेसाठी खोदलेला, सव्वादोन मैलांच्या आसपास लांब, आता रूळ काढून चालायचा आणि सायकलचा रस्ता केलाय, हिवाळ्यात बंद असतो. पूर्वेकडच्या हायक नावाच्या जागेच्या बाजूने शिरलं की समोर टाचणीच्या टोकाएवढा उजेड दिसतो आणि तासभर चाललं तरी तो तेवढाच वाटतो. आत उन्हाळ्यातही कुडकुडायला होतं, छतातून पाणी गळतं. पश्चिमेच्या तोंडाशी तेव्हा २००१ सालची एक फार जुनी कॅश होती, जगभरातून लोक तिच्यासाठी यायचे. बाहेर पडलो, उन्हात आलो, पाम चालू केला तर स्क्रीनवर पहिल्यांदा यंत्र सुरू करताना विचारतात तसं आलं, तारीख सांगा, वेळ सांगा. आदल्या रात्री चार्जिंगला लावायचा राहिला होता. त्या जुन्या मॉडेलची सगळी मेमरी बॅटरीवर टिकायची, बॅटरी पूर्ण बसली की आतलं सगळं गेलं, दोन हजार कॅशेस, मी जागेवर घेतलेल्या नोंदी, सगळं.

मुलगी म्हणाली बाबा, आता परत जायचं का.

ती जुनी कॅश मोठी होती, ती ६०सीएसएक्सच्या बाणावर सापडली. पुढे ट्रेलवर आणखी सहा होत्या, त्यातल्या चार त्या ३० अक्षरांच्या तुटक्या हिंटवर मिळाल्या, एका ठिकाणी कॉमेंटमध्ये फक्त "मागे तिसऱ्या" एवढंच इंग्रजीत आलं होतं, पुढचं कापलेलं, आणि आम्ही दोघांनी खांब, झाडं, दगड, सगळ्याचं मागे तिसरं शोधत शेवटी कुंपणाच्या खांबाच्या मागे तो फिल्मचा डबा काढला. मल्टी मात्र सोडून द्यावी लागली, तिचे प्रश्न पाममध्ये होते. परत बोगद्यातून येताना मी ठरवलं की वाचायचं आणि चालायचं एकाच यंत्रात पाहिजे, आणि ते यंत्र साध्या पेन्सिल सेलवर चालणारं पाहिजे, म्हणजे खिशात दोन जास्तीचे ठेवले की झालं.

तसं यंत्र तेव्हा नुकतंच बाजारात आलं होतं पण महाग होतं. मी २०१० पर्यंत थांबून गार्मिनचंच ऑरेगन ४५० घेतलं. जीपीएक्स फाईल नुसती त्याच्या जीपीएक्स फोल्डरमध्ये टाकायची, यूएसबी काढायची, चालू करायचं, आणि कॅशचं नाव, वर्णन, हिंट, लॉग सगळं त्याच्याच स्क्रीनवर. २००० कॅशेस मावतात. पहिल्या दिवशी वॉटरशेडला गेलो, मुद्दाम त्याच ओंडक्यापाशी, पाऊस होताच, आणि ग्लोव्ह काढून ओल्या स्क्रीनवर बोट ठेवून हिंट वाचली. डबा ओंडक्याच्या खालच्या बाजूला, मुळांच्या पोकळीत, झाडाच्या सालीचा तुकडा लावून झाकलेला. मुलीने काढला. चार वर्षांपूर्वी आम्ही त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे होतो.

इथे एक सांगतो, यंत्र बदललं म्हणून काम संपत नाही, डेटा जुना झाला की कागदापेक्षा वाईट. कागद निदान आदल्या दिवशीचा असायचा. २०११ मध्ये कार्नेशनजवळ टोल्ट नदीच्या पार्कात, तो झुलता पूल ओलांडून वर डोंगरात, आम्ही एक डबा तासभर शोधला, दगड उचलले, फर्नच्या खाली हात घातले, हिंट अगदी स्पष्ट होती तरी नाही. घरी येऊन साईटवर बघितलं तर ती कॅश दोन महिन्यांपूर्वीच मालकाने कायमची बंद केलेली. मी क्वेऱ्या दर आठवड्याला लोड करत होतो, मग हे कसं? तर पॉकेट क्वेरीत बंद झालेल्या कॅशेस येतच नाहीत. ती बंद झाली असं फाईल सांगत नाही, फाईल तिचं नावच घेत नाही, आणि डेटाबेसमधली जुनी नोंद तशीच जिवंत राहते.

उपाय सोपा आहे पण तो कोणीतरी सांगावा लागतो. जीसॅकमध्ये एक कॉलम आहे, लास्ट जीपीएक्स, म्हणजे ही कॅश शेवटची कुठल्या तारखेच्या फाईलमध्ये आली होती. क्वेऱ्या लोड झाल्या की फिल्टर लावायचा, ज्यांची ही तारीख आठ दिवसांपेक्षा जुनी त्या दाखव. ज्या उरतात त्या एकतर बंद झाल्या किंवा क्वेरीच्या हद्दीबाहेर गेल्या. त्या काढून टाकायच्या. मी याचा मॅक्रो करून घेतला, गुरुवारी रात्री चालवतो, मग उरलेल्यातून घराजवळच्या २००० निवडून ऑरेगनमध्ये. २००० च्या वर टाकल्या तर यंत्र ओरडत नाही, वरच्या नुसत्या दिसत नाहीत, तेव्हा आकडा आधी बघा. (पुढच्या मॉडेल्सना जीजीझेड फाईल चालते, त्यात हा प्रश्न राहत नाही.) आणखी दोन गोष्टी जीपीएक्समध्ये मिळत नाहीत त्या लक्षात ठेवा. फोटो येत नाहीत, म्हणजे ज्या कॅशची हिंटच "फोटो बघा" अशी आहे ती घरून निघायच्या आधी बघून घ्यावी लागते. आणि लॉग फक्त शेवटचे पाच येतात, ते पाचही "सापडला, धन्यवाद" एवढेच असले की काही कळत नाही, त्याउलट पाचातले तीन "नाही सापडला" असतील तर मी मुलीला घेऊन तिकडे जातच नाही.

परतल्यावरचं कामही सुटलं. आधी रविवारी रात्री कागदांच्या मार्जिनमध्ये खरडलेलं बघून आठवायचं की हा कुठला, त्या पुलाखालचा की त्या चर्चमागचा. आता जागेवरच "फाउंड" दाबलं की यंत्र वेळेसकट एका टेक्स्ट फाईलमध्ये लिहून ठेवतं, घरी ती साईटवर चढवायची, क्रमाने सगळ्या कॅशेस समोर येतात आणि आपण एकेकीला नीट लॉग लिहायचा. नीट लिहा मात्र. कोणीतरी घरून डबा आणून, जागा शोधून, पावसात जाऊन तो सांभाळतं, त्याला तीन शब्दांत उरकू नये असं मला मनापासून वाटतं.

आता बरेच जण विचारतात की फोन असताना हे कशाला. फोन मीही वापरतो, शहरात, लंच ब्रेकमध्ये, अॅपवर ऑफलाईन लिस्ट उतरवून. पण डोंगरात नेटवर्क नाही, पावसात फोनची टचस्क्रीन ऐकत नाही, आणि परत गाडीपर्यंत यायला, कोणाला फोन करायला तीच बॅटरी लागते.

डिसेंबर २०१२ मध्ये भारतात गेलो तेव्हा ऑरेगन बरोबर होतं. पुण्याची क्वेरी काढली होती, ती स्क्रीनवर थोडं खाली सरकवलं की संपली. एका टेकडीवर सकाळी वडिलांना घेऊन गेलो, डबा मिळाला, त्यांनी चष्मा लावून लॉगबुकात पूर्ण नाव, गाव, तारीख लिहिली. पण त्यांना डब्यापेक्षा यंत्रात रस. ते भूमी अभिलेखमध्ये भूकरमापक होते, ३३ फुटांच्या साखळीने आयुष्यभर शेतं मोजलेली, एक साखळी बाय एक साखळी म्हणजे एक गुंठा. साताऱ्याकडे आमच्या गावी गेल्यावर म्हणाले, आपल्या वावराच्या हद्दीचा दगड आहे त्याचे आकडे घे. घेतले. त्यांनी विचारलं किती फरक धरायचा यात. मी म्हटलं बाबा, तीनेक मीटर. ते म्हणाले, म्हणजे दहा फूट. दहा फुटांवरून भाऊ भाऊ कोर्टात जातात.

मग यंत्रात अॅव्हरेजिंगचा पर्याय आहे तो दाखवला, एकाच जागेचं पुन्हा पुन्हा मोजमाप घ्यायचं, दोन मोजमापांत निदान दीड तास जाऊ द्यायचा, असं चार ते आठ वेळा. मला वाटलं ते म्हणतील राहू दे. ते सकाळी आठपासून बांधावर लिंबाखाली बसले, घोंगडी टाकून, डबा आणि पाण्याची बाटली घेऊन, आणि दर दीड तासाने उठून यंत्र दगडावर ठेवायचे, स्वतः बटण दाबायचे, आकडे वहीत उतरवायचे. पाच वेळा केलं. शेवटच्या वेळी ऊन कलत होतं आणि ते दगडावरचं शेवाळ चाकूने खरवडत होते.

तो बिंदू माझ्या जीसॅकच्या डेटाबेसमध्ये आहे. तो कुठल्याच क्वेरीत येत नाही, त्यामुळे गुरुवारचा मॅक्रो दर आठवड्याला त्याला बंद झालेली कॅश समजून काढायला निघाला असता, म्हणून मी फिल्टरमध्ये एक अट घातली, फक्त ज्यांचा कोड जीसीने (साईटवरच्या कॅशेसचा असतो तसा) सुरू होतो तेच बघ. अंतराने तक्ता लावला की तो सगळ्यात खालच्या ओळीत येतो, साडेसात हजारांहून जास्त मैल, नाव "दगड".